निवड समितीवर बसण्याआधी

चि. अमेय यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव निवड समितीवर लागल्याचं बाबांकडून कळलं. फोनवर तू मात्र "अर्ज चाळायची हमाली" म्हणून विषय उडवून लावलास. हमाली कसली रे! मेडिकल रिसर्चमधल्या बायकांचं पुढे काय होणार, हे त्या टेबलाभोवतीच तर ठरतं.

पीएचडीला मुली भरपूर येतात. पेशी वाढवणं, जेलवर डीएनए नाहीतर प्रथिनं वेगळी करणं, उंदरांची देखभाल, सगळीकडे त्या असतात. पण रिसर्च पेपरवर पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं ज्याची लॅब त्याचं. पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत पोचता पोचता त्या कुठे गळतात, ते जरा बघ. आयसीएमआरचं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं, मूळ १९११ सालचं. तिथे महासंचालकपदी पहिली बाई, डॉ. सत्यवती, आल्या १९९० च्या दशकात; त्यानंतर थेट २०१५ मध्ये सौम्या स्वामिनाथन.

मी एका संस्थेत बाहेरची सदस्य म्हणून मुलाखती घ्यायला गेले होते. एका मुलीच्या बायोडेटात बाळंतपणाची दोन वर्षं रिकामी होती. तिला समितीतल्या कुणीतरी विचारलं, "मूल लहान आहे, रविवारी पेशींचं मीडियम, म्हणजे त्या वाढतात तो द्रव, कोण बदलणार?" पुढचा उमेदवार पुरुष. त्याचंही मूल तान्हं. त्याला सगळे ग्रँटबद्दल विचारायला लागले, तेव्हा मीच मीडियमचा प्रश्न त्याला विचारला. खोलीत खसखस पिकली. तो बिचारा गोंधळला. त्यानंतर दिवसभरात तो प्रश्न पुन्हा कुणी काढला नाही.

कमल रणदिवे तुला फक्त नावानं माहीत असतील. मूळच्या पुण्याच्या. बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्या लॅबमध्ये काम करून त्या परत आल्या आणि मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी टिश्यू कल्चरची, म्हणजे शरीराबाहेर पेशी वाढवण्याची, लॅब उभी केली. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांचं मोठं काम आहे. १९६६ ते १९७० त्या सेंटरच्या प्रमुख होत्या. मला त्यांचं मोठेपण वाटतं ते वेगळ्याच गोष्टीत. १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना काढली, आणि वाशीला या संघटनेनं नोकरदार बायकांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर चालवलं. आठ मार्चला गुलाबाचं फूल देऊन फोटो काढण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

इंग्लंडमध्ये तर पैशाची नाडीच आवळली. २०११ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकारी सॅली डेव्हिस यांनी मेडिकल कॉलेजांना कळवलं, की 'अथीना स्वान'चं (बायकांना समान संधी देणाऱ्या संस्थांना मिळणारं) सिल्व्हर मानांकन नसेल तर बायोमेडिकल रिसर्चच्या मोठ्या निधीसाठी तुमचा विचार होईल अशी आशा धरू नका. मग कॉलेजं धडाधड कामाला लागली. २०२० मध्ये कागदपत्रांचा बोजा कमी करायचा म्हणून ती अट काढून टाकली. मला ते पटलेलं नाही. मानांकनाची कागदपत्रं बहुतेक ठिकाणी बायकांनाच भरावी लागली, ही तक्रार मात्र खरी होती.

तुझ्या हातात तेवढी नाडी नाही, पण प्रश्न तर आहेत. जो प्रश्न पुरुषाला विचारणार नाहीस, तो बाईला विचारू नकोस, आणि दुसऱ्यानं विचारला तर तिथल्या तिथे अडव. पेपर मोजताना रजेची वर्षं वजा कर. समितीत एकटीच बाई असेल आणि अध्यक्ष चहाचं तिच्याकडे बघून विचारत असतील, तर तू ऊठ. आणि बजेटची मीटिंग संध्याकाळी साडेपाचला ठेवायची ती तुमची पद्धत बंद करायला सांग. ज्यांना पाळणाघरातून पोरं आणायची असतात, त्या निघून गेल्यावरच पैशांचे निर्णय होतात.

आणि हो, पन्नास किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या संस्थेत पाळणाघर असायला हवं, असा २०१७ पासून कायदा आहे. तुमच्याकडे ते कुठे आहे, चौकशी कर आणि मला कळव. नसेल तर समितीच्या आधी संचालकांना पत्र टाक. मसुदा मी करून देते.

तुझी,
आई