यकृताचा आजार आणि कुत्र्याच्या ताटातली प्रथिनं

मा. संपादक,

कुत्र्याला ‘लिव्हर’चा त्रास निघाला की आजूबाजूचे सगळे एकच सांगतात, अंडी-मटण बंद करा, नुसता ताकभात घाला. आमच्या बिजलीच्या वेळी हे मला एका दवाखान्याच्या काउंटरवरही ऐकायला मिळालं. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो, पण कुत्रं त्यानं खंगतं, म्हणून हे पत्र.

प्रथिनांपासून आतड्यात अमोनिया तयार होतो आणि यकृत त्याचा युरिया करतं, हे खरं. यकृत फारच थकलं की अमोनिया रक्तात साठून मेंदूवर चढतो. मग कुत्रं गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं लावून उभं राहतं, जेवल्यावर लाळ गाळतं. अशी लक्षणं असतील तरच प्रथिनं कमी करायची, तीही डॉक्टरांना विचारून. तेव्हासुद्धा वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण २ ग्रॅमच्या खाली सहसा जात नाहीत. इतर कुत्र्यांना पोटभर प्रथिनं हवीतच, कारण यकृताची झीज त्यातूनच भरून येते. शिवाय अमोनियाचा काही निचरा स्नायूही करतात. प्रथिनं तोडली की शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं आणि ज्याची भीती, तेच वाढतं.

बिजली गावठी, १२ किलोची. तिला मेंदूची लक्षणं नाहीत, म्हणून आमच्या डॉक्टरांनी दिवसाला ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं ठरवून दिली. दोन उकडलेली अंडी, गाईच्या दुधाचं घरी केलेलं ८० ग्रॅम पनीर, मूठभर मुगाची डाळ आणि मऊ भात. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नाहीच. पनीर मी वजनकाट्यावर मोजते. हे सगळं चार वेळांत विभागून देते, एकदम पोटभर नाही. दूध, अंडी आणि डाळीतली प्रथिनं अशा कुत्र्यांना मटणापेक्षा बरी सोसतात.

कलेजीचं मात्र आवर्जून सांगते. यकृत सुधारावं म्हणून लोक खाटकाकडून मुद्दाम कलेजी आणतात. कलेजीत तांबं भरपूर असतं, आणि यकृताच्या काही आजारांत, विशेषतः लॅब्रेडॉरमध्ये, तांबं साठूनच यकृत बिघडलेलं असतं. तिथे कलेजी घालणं म्हणजे आगीत तेल ओतणं. माणसांची पॅरासिटामॉलची गोळीही घरच्या घरी कधी देऊ नये.

दर रविवारी मी बिजलीच्या पाठीवरून आणि कपाळाच्या दोन्ही बाजूंनी हात फिरवते. मणके हाताला टोचायला लागले, कानशिलं खोल गेली, तर मांस झडतंय हे वजनकाट्याच्या आधी कळतं. पोटात पाणी झालं असेल तर वजन फसवं असतं, हात फसवत नाही.

पशुवैद्यकांना माझी विनंती आहे की औषधांच्या चिठ्ठीवरच आहारही लिहून द्यावा, कुत्र्याच्या वजनाप्रमाणे, ग्रॅममध्ये. ‘हलकं खायला द्या’ एवढ्यावरून प्रत्येक घरात वेगळा अर्थ काढला जातो आणि बहुतेक घरांत तो ताकभातच असतो.

– एक वाचक, मिरज