चराची लांबी मोजता, मग खोलीही मोजा

महोदय,

सिंहस्थाच्या तयारीत शहरातले रस्ते आणि दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागा, दोन्हीकडे बॉबकॅटला ट्रेंचर (बूम म्हणजे लांब दांड्यावर फिरणारी दातेरी साखळी) लावून चर मारले जातात. (स्किड स्टीअर लोडर, म्हणजे जागच्या जागी वळणारे छोटे लोडर मशीन, कुठल्याही कंपनीचा असो, आपल्याकडे तो बॉबकॅटच.) दर बहुधा रनिंग फुटावर ठरतो. त्यामुळे ऑपरेटर मशीन पळवतो आणि चर उथळ, वेडावाकडा होतो.

ट्रेंचर मागे येत खोदतो. आधी साखळी फिरती करायची, मग बूम सावकाश उतरवून पूर्ण खोली गाठायची आणि त्यानंतरच रिव्हर्स घ्यायचा. मागे येण्याचा वेग साखळी जेवढी माती वर काढते तेवढाच. त्याहून जोरात ओढले तर साखळी अडते, जादा दाब सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, हायड्रॉलिक ऑइल तापते आणि मशीन आणखी मंदावते. नवखा ऑपरेटर तेव्हा थ्रॉटल वाढवत बसतो. खरे तर थांबून बूम थोडा वर घ्यायला हवा. बूम जमिनीत असताना वळण घेतले तर तो वाकतो. वळणावर बाहेर काढून पुन्हा उतरवणे हाच मार्ग.

नाशिकची जमीन एकसारखी नाही, खरी गोम तिथे आहे. ओल्या काळ्या मातीत दातांमध्ये चिखल गच्च बसतो, साखळी नुसती फिरत राहते आणि माती वर येत नाही. वाफसा येईपर्यंत थांबलेले बरे. मातीसाठीचे दात मुरमात लवकर झिजतात, तिथे कार्बाइडचे दात हवेत. दातांखाली ठिणग्या दिसू लागल्या आणि मशीनचे तोंड उसळू लागले, की खाली कातळ आहे असे समजावे. अखंड कातळात या ट्रेंचरचे काम नाही, खडक फोडणारा ब्रेकर बोलवा.

जोडणीत दोन चुका नेहमीच्या. माउंटिंग प्लेटच्या खालच्या दोन्ही पिना भोकांतून बाहेर आलेल्या दिसल्याशिवाय लोडरचे हात उचलू नयेत. आणि साखळी फिरवणाऱ्या हायड्रॉलिक मोटरला केस ड्रेनची (मोटरच्या आत झिरपलेले ऑइल परत नेणारी) बारीक होज असेल तर ती जोडायलाच हवी. राहिली तर मोटरचे सील फुटते. कपलर (होजचे जोड) लावण्याआधी इंजिन बंद करून प्रेशर सोडावे आणि तोंडे फडक्याने पुसावीत. होज गळत असेल तर हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावे. बारीक छिद्रातले ऑइल कातडीत घुसते. जखम टाचणीएवढी दिसली तरी थेट दवाखाना गाठावा. साखळी सैल असेल तर ती उतरते, फार ताणली तर बेअरिंग खाते. ताण मशीनच्या पुस्तकात दिला आहे तेवढाच ठेवावा.

खोलीबद्दल शेतकऱ्यांनी एक ध्यानात घ्यावे. साखळी गेल्यावर दोन-तीन इंच सुटी माती तळाशी राहते. अडीच फुटांवर पाइप हवा असेल तर तेवढे जास्त खोदायला सांगा आणि पाइप टाकण्याआधी दर पन्नास फुटांवर टेप लावा. मुरमाचा दर मातीहून वेगळा ठरवा, म्हणजे ऑपरेटरला घाई करावी लागणार नाही.

शहरात मात्र खोदण्याआधी केंद्र सरकारच्या ‘कॉल बिफोर यू डिग’ ॲपवर नोंद करावी. २०२३ पासून ही सोय आहे. तरीही गॅसची पाइप किंवा वीज केबल जवळ असल्याचा संशय आला, तर दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन फूट हाताने खोदून ती उघडी करावी आणि तेवढ्या पट्ट्यात ट्रेंचर चालवूच नये. कामाच्या टेंडरमध्ये या हातखोदाईचे पैसे वेगळे धरलेले नसतील, तर ठेकेदार ती करणार नाही.

— ट्रेंचरवर काम करणारे काही ऑपरेटर, नाशिक