पायलट चाचणी मुख्यालयात नको, शेवटच्या खिडकीवर घ्या : माहिती तंत्रज्ञान मंत्र्यांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

सरकारी कार्यालयातला संगणक अडला की पहिला फोन ज्याला जातो, तो मी. सगळी टेबलं क्लाउडवरच्या व्हर्च्युअल डेस्कटॉपवर, म्हणजे दुसरीकडे चालणाऱ्या आणि नेटवर्कवरून वापरायच्या संगणकावर, नेण्याचा विचार सुरू आहे, असं कानावर आलं, म्हणून लिहितो.

काहीतरी करावं लागणार, यात वाद नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट विकत मिळतात, पण संस्थांना जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. विंडोज ११ ला टीपीएम २.० (यंत्रातली सुरक्षेची चिप) लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. ही पिढी २०१७ ची. त्याआधीची, अजून ठणठणीत चालणारी यंत्रं त्यामुळे बाद ठरतात. तशीच वापरत राहावं म्हटलं, तर २०१७ चा वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस आठवतो. तो रोखणारा पॅच (दुरुस्तीचा अपडेट) मार्चमध्येच आला होता, हल्ला मे महिन्यात झाला. ज्यांनी तो टाकला नव्हता, ते सापडले.

अशा वेळी क्लाउडचा मोह होतोच. विंडोज लांबच्या डेटा सेंटरमध्ये चालतं, टेबलावर फक्त चित्र येतं, जुनं यंत्रही चालून जातं. (त्या जुन्या यंत्रालाही पॅच लागतात, हे सादरीकरणात बहुधा राहून जातं.)

आमच्याकडे असा प्रयोग झाला. खिडकीवरच्या बाईंना दाखल्यांवर डिजिटल सही करावी लागते. सहीचं यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) त्यांनी टेबलावरच्या यंत्राला लावलं, पण प्रोग्राम चालत होता डेटा सेंटरमध्ये, आणि सुरक्षा धोरणात यूएसबी पुढे पाठवायला बंदी. टोकन दिसेचना. धोरण बदलायला वरची परवानगी हवी. ती येईपर्यंत काय? शेजारी एक जुना संगणक ठेवला. बाई फाइल स्वतःलाच मेल करायच्या, शेजारी उतरवून सही करायच्या, पुन्हा चढवायच्या. त्या संगणकावर विंडोज १० होतं!

दुपारी नेटवर्क मंदावलं की अक्षरं मागून उमटायची. बाईंनी ‘जतन करा’ दोनदा दाबलं आणि एका अर्जाला दोन क्रमांक पडले. समोरच्या आजोबांना त्यातला कुठला खरा, हे मलाही सांगता आलं नाही.

क्लाउडला माझा विरोध नाही. फिरतीवरचे अधिकारी, घरून काम करणारे, सहा महिन्यांसाठी आलेले कंत्राटी कर्मचारी यांना तो उत्तम. माणूस गेला की डेस्कटॉप बंद, माहिती आपल्याकडेच. खिडकीवरच्या टेबलांना मात्र आधी नवी यंत्रं द्या. दरमहा माणशी लागणारं भाडं पुढच्या पाच वर्षांचं जोडून खरेदीच्या खर्चाशी ताडून पाहा. करार संपल्यावर माहिती कोणत्या स्वरूपात परत मिळेल, हे निविदेतच लिहून घ्या.

आणि पायलट सगळ्यात वाईट नेटवर्क असलेल्या कार्यालयात, महिनाअखेरीस घ्या. अहवालात टोकन, स्कॅनर, प्रिंटर चालले का, याचा वेगळा रकाना ठेवायला सांगा. आमचा अहवाल ‘यशस्वी’ म्हणून गेला. तो लिहिला त्या दिवशी बाई रजेवर होत्या, आणि टोकन त्यांच्या पर्समध्ये.

आपला नम्र,
एक संगणक देखभाल कर्मचारी