यंदा दुधियाच्या काठी तुम्ही आधी पोहोचाल

इंदूर, आषाढ वद्य तृतीया

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

इथे सगळे ठीक आहे. इकडच्या पंचांगाप्रमाणे सावन लागलासुद्धा, शेजारणींचे सोमवार आता सुरू होतील. आपला श्रावण यायला अजून दहा-बारा दिवस आहेत. जे फोनवर सांगायचे ते पत्राने सांगते आहे, कारण फोनवर बाबा "बघू" म्हणतात, मग तिकडच्या, बडोद्याच्या सुरसागर तलावाच्या पाण्याची पातळी सांगू लागतात, आणि मी काय ठरवून बोलायला बसले होते तेच विसरते.

तर सरळच लिहिते. श्रावणात पावागडच्या डोंगरावर कालिकामातेला जायचे ते जायचेच आहे. पण गाड्या थांबतात त्या माचीपासून तुम्ही दोघांनी पायी चढायचे नाही. तुम्ही उडनखटोल्याने, म्हणजे रोपवेने, वर जाल, दुधिया तलावाच्या काठी बसाल, आणि आम्ही बाकीचे नेहमीच्या वाटेने चढून तुम्हाला तिथे येऊन भेटू. दादाने आणि मी हे मिळून ठरवले आहे आणि बुधवारची गाडीही सांगून ठेवली आहे. हे विचारायला नव्हे, कळवायला लिहिते आहे. हे वाक्य मला स्वतःलाच कसेसे वाटले, दोनदा खोडून पुन्हा लिहिले, पण ते तसेच राहू देते.

आई, आता जे लिहिणार आहे ते तुला वर्षभर सांगितले नाही, याचा राग माझ्यावर कर, बाबांवर नको. गेल्या श्रावणात धुके इतके उतरले होते की पुढच्या पायरीवरच्या माणसाची पाठ तेवढी दिसत होती. बाबा नेहमीप्रमाणे पुढे निघून गेले. दर वळणावर त्यांची "कूऽऽ" यायची, आपण खालून उत्तर द्यायचो, आणि मनूला तर ती चढण म्हणजे तेवढाच खेळ वाटत होता. मग एका वळणानंतर कूऽऽ आली नाही. मी दिली, उत्तर नाही. दादाने दिली, उत्तर नाही. तू म्हणालीस, "तलावावर पोहोचले असतील, वाऱ्याने ऐकू येत नसेल." आपण तलावावर पोहोचलो तर काठावर दोन वानरे आणि मकाई भाजणारा एक माणूस, एवढेच होते. बाबा सापडले ते जैन मंदिराच्या पायरीवर, टोपी मांडीवर ठेवून बसलेले. "धुके बघत होतो," म्हणाले. आपण सगळे हसलो. मीही हसले.

घरी आल्यावर त्यांचे विंडचीटर धुवायला घेतले, तेव्हा आतल्या खिशात, छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची पट्टी मिळाली. आदल्या रात्री त्यांची औषधे मीच भरली होती, त्यामुळे ती कोरी होती हे मला पक्के ठाऊक आहे. तिच्यातली दोन घरे फुटलेली होती. चांदीच्या कागदाच्या कडा बोटाने नीट दाबून सपाट केलेल्या होत्या. असे बाबांशिवाय कोणी करत नाही. मी ती पट्टी परत खिशात ठेवली आणि विंडचीटर तसेच दोरीवर टाकले. का, ते मला सांगता येणार नाही. त्या क्षणी मी मनूची आई नव्हतेच, दांडिया बाजारातल्या घरातली, बाबांची काही चूक उघडी पडू नये म्हणून धडपडणारी मुलगी होते.

बाबा, यात चूक काही नाही, तुम्ही रागावू नका. डॉक्टरांनी तुम्हाला चालू नका असे कधीच म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. रोज कमाटीबागेतल्या दोन फेऱ्या चालूच ठेवा. पण बाग सपाट आहे, आणि माचीपासून देवीपर्यंतच्या पायऱ्या दोन हजारांच्या घरात जातात. त्याही पावसात, शेवाळ धरलेल्या, एकमेकींशी उंचीने न जुळणाऱ्या. त्यात तुम्ही पुढे जाणार आणि धुक्यात दिसेनासे होणार. काय झाले तर कळायला आम्हाला दहा मिनिटे लागतात, हे गेल्या वर्षी कळले. मला धाक वाटतो तो त्या दहा मिनिटांचा. पायऱ्या तुम्ही अजूनही चढाल, याबद्दल शंका नाही.

तुमचे म्हणणे मला इथे बसून ऐकू येते. उडनखटोला १९८६ मध्ये सुरू झाला तेव्हापासून तुम्ही एकदाही त्यात बसला नाहीत, त्याला "आळशांची पालखी" म्हणता. शिवाय गेल्या सप्टेंबरात, २०२५ मध्ये, तिथे तार तुटून सहा माणसे गेली, ते कात्रण तुम्ही जपून ठेवले आहे, आणि ते माझ्यापुढे टाकणार हेही मला माहीत आहे. ती मालवाहू रोपवेची तार होती, बाबा. बांधकामाचे सामान वर नेणारी. प्रवाशांचा रोपवे वेगळा, आणि त्या दिवशी तो खराब हवामानामुळे बंद ठेवला होता, असे त्याच कात्रणात लिहिले आहे. भीती मलाही वाटते, नाही असे नाही. म्हणूनच त्या दिवशी वारा असला आणि रोपवे बंद असला तर तुम्ही पायी चढायचे नाही आणि आम्हीही नाही. मग सगळ्यांनी खाली चांपानेरात वडा तलावाच्या काठी डबा खायचा, जामा मशिदीत खांबांच्या सावलीत बसायचे आणि घरी यायचे. यावर वाद नको.

आता तुमच्या सोयीचे. आम्ही इंदूरहून दाहोद-गोध्र्यावरून येतो, पावागड बडोद्याच्या अलीकडेच लागतो, त्यामुळे आम्ही परस्पर पायथ्याशी भेटू. तुम्हाला दादा गाडीने आणेल. एसटीने यायचे नाही, स्कूटरचा विचारही नको. बुधवार मुद्दाम धरला आहे, म्हणजे आईचा सोमवारचा उपवास आड येणार नाही आणि रविवारची रेटारेटीही नाही. सकाळची बीपीची गोळी घरून घेऊनच निघा. पाठ टेकायला मी घडीच्या दोन खुर्च्या आणते आहे, त्या दादा वर नेईल. बिनसाखरेचा चहा थर्मासमध्ये वेगळा असेल आणि त्याला लाल फडके बांधलेले असेल, म्हणजे बाबांना "चुकून" दुसरा घेता येणार नाही. आई, तू बटाट्याची भाजी आणि पुऱ्या करू नकोस, मी करून आणते. फार वाईट वाटले तर लीलो चेवडो तेवढा घे. चपला नकोत, मागच्या दिवाळीला आणलेले बूट घाल, ते कपाटात खोक्यासकट पडून आहेत हे मला ठाऊक आहे. गुडघ्याचा पट्टा लाव.

आणि आई, तुझी ओटी. वर उतरल्यावरही देवळापर्यंत अडीचशेच्या आसपास पायऱ्या उरतात, त्याही तुझ्या गुडघ्यांना नकोत. एवढ्या वर जाऊन देवीपाशी पोहोचायचे नाही, हे तुला लागेल, मला कळते. या पत्रात मला सर्वांत अवघड गेले ते हेच. ओटी तू घरी तुझ्या हाताने भर, खण-नारळ-तांदूळ सगळे, आणि मी ती जशीच्या तशी देवीच्या पायाशी ठेवीन. २०२२ मध्ये नव्या शिखरावर ध्वज चढला तेव्हापासून तलावाच्या काठावरूनही तो दिसतो, धुके हलले की. तू तिथून हात जोड. जी देवी गरब्यात बायकांमध्ये येऊन नाचली असे तूच आम्हाला सांगितलेस, तिला अडीचशे पायऱ्या उतरणे काही जड नाही.

बाबा, तुम्हाला आठवते का, मी मनूएवढी असताना दुधियाच्या पायरीवर बसून तुम्ही तेलिया, दुधिया आणि छाशिया या तलावांची नावे सांगितली होती, आणि आई म्हणाली होती, "तेल, दूध आणि ताक, वर येऊनही स्वयंपाकघर सुटत नाही"? मग तुम्ही सांगितलेत की एवढ्या उंच डोंगरावर माणसे राहिली ती अशीच पावसाचे पाणी अडवून, आणि याच डोंगरात निघालेली विश्वामित्री आपल्या कालाघोडा पुलाखालून जाते. मी विचारले होते, मग पुलाखालच्या मगरीही इथूनच वाहत आल्या का. तुम्ही हसला नाहीत. गंभीर होऊन म्हणालात, "मगरींना पायऱ्या आवडत नाहीत." पुढे कितीतरी वर्षे मी तेच खरे मानत होते. माझ्या डोक्याला तुमचा रुमाल बांधलेला होता, चार कोपऱ्यांना चार गाठी मारून, आणि त्याला घामाचा आणि अमृतांजनाचा वास येत होता.

मनूला या वर्षी ते सगळे तुम्हीच सांगायचे आहे. लकुलीशाचे जुने देऊळ तिला दाखवायचे आहे, पण ते दादासोबत, तुम्ही बसल्या जागेवरून बोट दाखवायचे. तिला आत्ताच सांगून ठेवले आहे की आजोबा आपल्या आधी वर पोहोचणार. ते खोटे नाही. दरवर्षी पुढे तुम्ही असता, यंदाही असाल. फक्त या वेळी आम्हाला तुमची जागा ठाऊक असेल.

तेव्हा एवढे करा. उडनखटोल्यातून उतरलात, जरा टेकलात, दोन घोट पाणी प्यालात, की काठावरून एक कूऽऽ द्या. धुके असले तरी ती खाली येते, गेल्या वर्षीपर्यंत येत होती. आम्ही जिथे असू तिथून उत्तर देऊ. मग दर पाच मिनिटांनी एक द्या, आणि कंटाळा आला तर आईला द्यायला लावा. तिला येत नाही म्हणते, पण येते.

दोघांनी प्रकृतीला जपा. दादाला वेगळे पत्र लिहीत नाही, हेच वाचायला द्या.

तुमची,
बेबी

ता. क. : बाबा, विंडचीटरची चेन मी परवा फोनवर विचारली तेव्हा तुम्ही "चालते" म्हणालात. ती चालत नाही. मांडवीतल्या आपल्या शिंप्याकडे टाका, आणि गोळ्यांची पट्टी आतल्या खिशात न ठेवता बाहेरच्या, डाव्या खिशात ठेवा. आईला तो खिसा दाखवून ठेवा.