पैसे घेऊन दिलेल्या चुकीच्या अपग्रेड सल्ल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन विक्री विभाग

विषय: संगणकाच्या सशुल्क ‘अपग्रेड सल्ला’ सेवेत चुकीचे भाग सुचवून विकल्याबद्दल

संदर्भ: बिल, चॅटची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत.

महोदय,

ग्राफिक्स कार्ड (गेमचे चित्र तयार करणारा संगणकाचा भाग) परत करण्याची माझी विनंती तुमच्या ग्राहक सेवेने “वस्तूत दोष नाही, बॉक्स उघडलेला आहे” एवढे एक वाक्य लिहून बंद केली. ग्राफिक्स कार्ड बिघडले आहे असे मी कुठेही लिहिले नव्हते. कार्ड चालते. ज्या सल्ल्यावर विसंबून मी ते घेतले तो सल्ला चुकीचा होता, ही माझी तक्रार आहे. त्या सल्ल्याचे ४९९ रुपये तुम्ही वेगळे आकारले आहेत आणि बिलावर त्याची स्वतंत्र ओळ आहे. तेव्हा उत्तर त्या ओळीबद्दल हवे.

मी डिचोलीला राहते आणि कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. घरी कॉलेजच्या वेळचा पीसी आहे: बी४५० मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड), रायझन ३ २२००जी प्रोसेसर, ८ जीबी रॅम. पगारातून पैसे बाजूला टाकत मी त्याचे पहिले अपग्रेड ठरवले. कोणता भाग कशाला बसतो हे आपल्याला नीट कळत नाही, म्हणूनच पैसे भरून सल्ला घेतला. तुमच्या सल्लागाराला मी सगळे आधी सांगितले होते. मॉनिटर १०८० पीचा, व्हॅलोरंट तर खेळतेच पण आता मोठे ओपन वर्ल्ड गेम खेळायचे आहेत, आणि खेळताना रेकॉर्डिंग करायचे आहे. मदरबोर्डचा आणि पीसीला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवरच्या लेबलचा फोटोही पाठवला. हे सगळे चॅटमध्ये आहे.

यावर सुचवले काय, तर आरएक्स ६५०० एक्सटी हे ४ जीबीचे कार्ड, रायझन ५ ५५००, १६ जीबीची एकच रॅमची पट्टी, पुढे काच असलेले रंगीत दिव्यांचे कॅबिनेट आणि लिक्विड कूलर.

कार्डापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात मोठे नुकसान तिथे आहे. ६५०० एक्सटी स्लॉटमध्ये पूर्ण बसते, पण मदरबोर्डशी देवाणघेवाण करायला पीसीआयई या जोडणीच्या फक्त ४ लेन, म्हणजे डेटाच्या ४ वाटा, वापरते. पीसीआयई ४.० या आवृत्तीच्या बोर्डावर त्या ४ लेनमधून सेकंदाला सुमारे ८ जीबी डेटा जातो. बी४५० चा ग्राफिक्स स्लॉट ३.० या जुन्या आवृत्तीचा आहे, तिथे हाच आकडा निम्म्यावर, म्हणजे सुमारे ४ जीबीवर येतो. कार्डाची स्वतःची मेमरी पुरेशी असती तर हे फारसे जाणवले नसते. पण मेमरी ४ जीबीच आहे. मोठ्या गेमचे टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रे) तिच्यात मावत नाहीत, मग उरलेले रॅममधून त्याच अरुंद वाटेने आणावे लागतात. रायबंदर-चोडण फेरीबोटीची अर्धी जागा बंद ठेवली तर धक्क्यावर जी रांग लागेल, तीच इथे लागते. प्रत्यक्षात दिसते ते असे: गेम ठीक चाललेला असतो, मी कॅमेरा वळवते, चित्र क्षणभर गोठते आणि मग एकदम पुढे उडी मारते. टेक्श्चर ‘लो’ वर आणले की हे कमी होते. पण सगळे ‘लो’ वर ठेवून खेळायचे तर नवे कार्ड घेतले कशाला?

मदरबोर्डचा फोटो सल्लागाराच्या समोर होता. त्यावर बी४५० ही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. त्यात भर म्हणजे सोबत सुचवलेला रायझन ५ ५५०० हा प्रोसेसरसुद्धा पीसीआयई ३.० चाच आहे. म्हणजे पुढे मी मदरबोर्ड बदलला तरी या प्रोसेसरवर कार्डाची अडचण तशीच राहणार. दोन्ही भाग एकाच यादीत एकाच माणसाने लिहिले आहेत.

रेकॉर्डिंगबद्दल तर मला खरोखर संताप आहे. मी सरळ विचारले होते, “गेम रेकॉर्ड करता येईल ना?” उत्तर आले, “होय मॅम, गेमिंग आणि रेकॉर्डिंग दोन्हीसाठी बेस्ट.” आरएक्स ६५०० एक्सटीमध्ये व्हिडिओ एन्कोडरच, म्हणजे पडद्यावरचे चित्र व्हिडिओ फाइलच्या स्वरूपात बदलणारा भागच, नाही. एच.२६४ या व्हिडिओ प्रकारासाठी नाही, एचईव्हीसीसाठीही नाही. ही सोय त्या चिपमध्येच ठेवलेली नाही, त्यामुळे ती कोणत्याही ड्रायव्हर अपडेटने येणार नाही. ओबीएस हे रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर उघडून एन्कोडरच्या यादीत पाहिले तर कार्डाचा पर्याय दिसतच नाही, उरतो तो प्रोसेसरवर चालणारा एक्स२६४. म्हणजे गेम सांभाळणाऱ्या प्रोसेसरवरच रेकॉर्डिंगचेही ओझे, आणि रेकॉर्ड सुरू केले की सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम कोसळतात. कार्ड विकणाऱ्याला हे माहीत असायलाच हवे. माहीत नव्हते तर ४९९ रुपये कशाचे घेतले?

त्याच दिवशी तुमच्याच संकेतस्थळावर आरएक्स ६६०० उपलब्ध होते. ८ जीबी मेमरी, ८ लेन, त्यामुळे माझ्या जुन्या बोर्डावरही वाट दुप्पट रुंद, आणि एन्कोडर आहे. ते माझ्या बजेटमध्ये बसत नव्हते असे आता सांगितले जाते. बसले असते. रायझन ५ ५५०० हा ६५ वॉटचा प्रोसेसर आहे आणि त्याच्या बॉक्समध्ये कंपनीचा कूलर येतो. माझ्याही बॉक्समध्ये तो आला, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला आहे. अशा प्रोसेसरला लिक्विड कूलर लागत नाही. त्या कूलरचे आणि काचेच्या कॅबिनेटचे पैसे कार्डात घातले असते तर सगळा प्रश्नच मिटला असता. आणि ते कॅबिनेट तरी आमच्याकडे कसले उपयोगाचे? पुढून काच असल्याने हवा बाजूच्या फटींतून ओढली जाते, फटींना जाळी नाही. डिचोलीत खनिजाचे ट्रक सुरू असले की तांबडी धूळ घरातल्या कपाटापर्यंत पोचते. आज त्या पंख्यांवर तिचा थर आहे.

आता एसएमपीएस. हा मुद्दा पैशांपेक्षा गंभीर आहे. जुन्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट छापलेले आहे. पण खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपिअर आहे. बारा गुणिले सोळा, १९२ वॉट. प्रोसेसर आणि कार्ड या १२ व्होल्टवरच चालतात. कार्ड १०७ वॉटचे, प्रोसेसर ६५ चा आणि ताण आला की त्याहून जास्त खेचणारा, वर लिक्विड कूलरचा पंप आणि पंखे. एवढे सगळे त्या १९२ मध्ये बसवायचे होते. सल्लागाराने फोटो पाहून लिहिले, “चालेल.” कार्डाला लागणारा ६ पिनचा कनेक्टर त्या एसएमपीएसला नव्हता, तर तुम्ही मोलेक्स या जुन्या पद्धतीच्या कनेक्टरवरून ६ पिन करणारी वायर पाकिटात मोफत टाकून दिली. म्हापशातल्या दुरुस्तीवाल्याने ती पाहताच काढून बाजूला ठेवली आणि नवा एसएमपीएस घालेपर्यंत मशीन सुरू करू दिले नाही. पावसाळ्यात इथे विजेचा दाब वरखाली होतो हे गोव्यात कोणालाही ठाऊक आहे. घरी आई-वडील असतात, मी कामावर असते. काही जळले असते तर?

त्याच दुरुस्तीवाल्याने बायोसचाही (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरचा) घोळ निस्तरला. जुन्या बी४५० ला रायझन ५००० मालिका ओळखायला आधी बायोस अपडेट करावे लागते, आणि ते जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करणे सोपे. हे चॅटमध्ये एका शब्दानेही सांगितले नाही. नवा प्रोसेसर बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली, आणि तुमच्या फोनवरच्या माणसाने “रॅम काढून परत लावा” यापलीकडे काही सांगितले नाही. रॅमच्या एकाच पट्टीबद्दल इतकेच लिहिते की त्याच क्षमतेत ८-८ च्या दोन सारख्या पट्ट्या दिल्या असत्या तर ड्युअल चॅनेल, म्हणजे दोन्ही पट्ट्यांतून एकाच वेळी डेटा नेण्याची सोय, नीट मिळाले असते.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सेवेतील त्रुटीची व्याख्या कलम २(११) मध्ये आहे, आणि ग्राहकाला आवश्यक माहिती जाणूनबुजून न देणे हे त्या व्याख्येतच येते. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे माल किंवा सेवा जाहिरातीप्रमाणे किंवा ठरल्याप्रमाणे नसेल तर विक्रेत्याला ती परत घेण्यास वा पैसे परत देण्यास नकार देता येत नाही. “रेकॉर्डिंगसाठी बेस्ट” हे तुमच्या बाजूने लेखी ठरलेले आहे. बॉक्स उघडल्याशिवाय ते खोटे आहे हे मला कळणार कसे होते?

माझ्या मागण्या अशा. ग्राफिक्स कार्ड आणि लिक्विड कूलर तुमच्या खर्चाने परत न्यावे आणि दोन्हींची पूर्ण रक्कम द्यावी. सल्ल्याचे ४९९ रुपये परत करावेत. नव्या एसएमपीएसचे आणि म्हापशातल्या मजुरीचे बिल सोबत आहे, ते भरून द्यावे. प्रोसेसर, रॅम आणि कॅबिनेट मी ठेवून घेते, त्यांचे काही मागत नाही. तसेच ६५०० एक्सटीच्या पानावर ४ लेन आणि एन्कोडर नसल्याची माहिती ठळकपणे द्यावी. ही मागणी माझ्यापुरती नाही. पहिल्यांदा अपग्रेड करणारी मुले तेच पान वाचून पैसे भरतात.

नियमाप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निर्णय एक महिन्यात मिळायला हवा. तो लेखी द्यावा, फोन करू नये. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि उत्तर गोवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

कार्ड आणि कूलर मूळ बॉक्समध्ये, सर्व वायरींसह बांधून ठेवले आहेत. नेणाऱ्या माणसाला रविवारी पाठवावे, इतर दिवशी मी संध्याकाळी उशिरा घरी येते.

आपली,
बिलावरील नावाची ग्राहक
डिचोली, गोवा