बाबा, गाडी या वेळी उद्यमबागेत

ती. बाबा आणि आई,

फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी "बरं, आईशी बोल" म्हणून फोन देऊन टाकला असता आणि आईनं "जेवलीस काय" विचारून विषयच संपवला असता, म्हणून टाइप करून पाठवतेय. आई, तूच वाचून दाखव, बाबांच्या डाव्या डोळ्याला एवढं बारीक नको.

सरळ सांगते. मिरगाच्या आधीचं सर्व्हिसिंग या वर्षी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला नाही. बेळगावात उद्यमबागेत एक मेस्त्री आहे, त्याच्याकडे गाडी द्यायची. बोलून ठेवलंय, हजार रुपये अ‍ॅडव्हान्सपण पाठवलाय. सर्व्हिस सेंटरचा रिमाइंडरचा फोन हल्ली माझ्याच नंबरवर येतो, त्यांना या वर्षी नको म्हणून सांगून मोकळी झाले. तुम्हाला न विचारता केलं, चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता, आणि मग तुमचा शब्द मोडून करावं लागलं असतं, ते मला जास्त जड गेलं असतं.

बाबा, रागवू नका, आधी ऐका. दिवाळीत पीयूसीचा कागद शोधताना डॅशबोर्डच्या खणात गेल्या जूनचं बिल सापडलं. १३,८४० रुपये. वर्षभरात गाडी फिरली किती तर तुमच्याच वहीप्रमाणे ३,१०० किलोमीटर. त्या बिलात तेल, तेलाचा फिल्टर आणि मजुरी मिळून साडेचार हजारसुद्धा होत नाहीत, बाकी सगळं थ्रॉटल क्लीनिंग, एसीचा स्प्रे, इंजिन ट्रीटमेंट, खालून कोटिंग, असलं काय काय. थोडंफार लागत असेलही, पण दरवर्षी? आणि त्यात एअर फिल्टर नवीन घातला म्हणून लिहिलंय. मी आपलं सहज बॉनेट उघडलं, फिल्टरच्या डब्याच्या दोन क्लिपा काढल्या. आत फिल्टर काळा कुळकुळीत आणि त्याच्या घड्यांत भुईमुगाची टरफलं! उंदरानं गोदाम केलेलं. पाच महिन्यांपूर्वी घातलेला फिल्टर असा नसतो ओ. कुणाकडून चुकून राहिलं असेल, घाईची वेळ असेल, मी मुद्दाम केलं म्हणत नाही. पण तुम्ही तिथं प्लास्टिकच्या खुर्चीवर चार तास गुडघा चोळत बसला होता आणि निघताना त्या पोरानं "काका, फोन आला तर दहापैकी दहा द्या हं" म्हटल्यावर दहा दिलेसुद्धा, तेच मला लागलं. पैशाचं नाही. दिवाळीपासून पोटात ठेवलंय.

तुम्ही म्हणणार बाहेरचा पार्ट म्हणजे डुप्लिकेट, मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलंय मला शिकवू नको. खरंय. बेअरिंगचं खोकं नुसतं हातात घेऊन तुम्ही "हे आपलं नव्हे" म्हणायचा, ते मी बघितलंय की. म्हणूनच मेस्त्रीशी ठरवलंय की पार्ट कंपनीच्या काउंटरचाच, पाकीट तुमच्यासमोर फोडायचं, एमआरपी तुम्ही वाचायची, आणि जुना पार्ट डिकीत टाकून परत द्यायचा. तेलाच्या कॅनचं सीलपण तसंच. वॉरंटीचं म्हणाल तर आपली दोन वर्षांची होती, २०१८ लाच संपली. आणि बाहेरची गॅरेजं म्हणजे काय चोरबाजार नाही, उलट पार्ट आणि रिपेअरची माहिती त्यांना मिळू देत नाही म्हणून २०१४ च्या ऑगस्टात कॉम्पिटिशन कमिशननं १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड लावला होता. पुढं ते कोर्टकचेरीत अडकलं तो भाग वेगळा.

शोरूमशी कायमची कट्टी नाही हं. एअरबॅगचा दिवा लागला, चावीचं प्रोग्रॅमिंग आलं, इन्शुरन्सचा कॅशलेस क्लेम आला, नाहीतर कंपनीनंच एखादा पार्ट फुकट बदलायला गाड्या परत बोलावल्या, तर तिकडंच जायचं. नुसतं तेलपाणी आणि ब्रेक बघायला नको, एवढंच.

आता एक कबुली. अक्षय तृतीयेला आले होते तेव्हा पेट्रोल टाकून येते म्हणून गाडी नेली आणि तीन तासांनी आले, ते पेट्रोल नव्हतं. मी मेस्त्रीकडे गेले होते. दारात "मी आलो जरा गाडी दाखवायला" असं निघालं तोंडातून, तर तो हसून म्हणाला खानापूरकडच्या काय ताई. (पुण्यात आठ वर्षं 'आले-गेले' करतेय, पण देसूर ओलांडलं की जीभ आपोआप आपल्या 'आलो-गेलो'कडं वळते.) हा माणूस आधी कंपनीच्याच वर्कशॉपात होता, आता स्वतःची शेड आहे, स्कॅनर आहे, दोन पोरं हाताखाली. मी मुद्दाम म्हटलं ब्रेक पॅड बदलून टाका. त्यानं चाक काढलं, पॅड बोटानं दाखवला आणि म्हणाला अजून अर्धं हाय, पुढच्या वर्षी बघू. त्यालाच मी निवडला, खरं सांगायचं तर.

मग टायरवर टॉर्च मारून म्हणाला वाचा. डीओटी या अक्षरांच्या पुढं शेवटचे चार आकडे, ३२१६. म्हणजे २०१६ चा बत्तिसावा आठवडा. दसऱ्याला गाडी घेतली तेव्हाचेच टायर, बाबा! नक्षी शिल्लक आहे म्हणून तुम्ही म्हणता चालतील, पण रबर वयानं कडक होतं, ओल्या रस्त्यावर धरत नाही. आणि ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं झालं की उतारावर तापून पेडल मऊ पडतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. कणकुंबीला आजीकडं जाताना पावसात तो रस्ता कसा असतो ते मी सांगायला नको. त्या रात्रीचं मी काढत नाही. पण टायर आणि ब्रेक ऑइल या वेळी होणार, पैसे मी देणार, यावर चर्चा नाही.

जागेचं सांगते. शेड तुमच्या फॅक्टरीच्या रस्त्यालाच आहे, मला माहितेय २००९ पासून तुम्ही तिकडं वळत नाही. पण त्या गेटाच्या चार शेड अलीकडे आहे, मी चालत जाऊन मोजलंय. गेट दिसत नाही तिथून. आणि तुम्हाला जायचंच नाही, शनिवारी सकाळी साडेनऊला त्याचा पोरगा बसनं येऊन गाडी नेईल, संध्याकाळी आणून सोडेल. शहर ओलांडून पलीकडं जाणं नको, तिसऱ्या रेल्वे गेटचा ट्रॅफिक नको.

हे लिहिताना लक्षात आलं, सर्व्हिसिंगचा दिवस म्हणजे तुमचा दोघांचा बेळगावचा दिवस असतो. गाडी टाकायची, गणपत गल्ली, कपिलेश्वर, आईचं खडे बाजारातलं काहीतरी, येताना कुंदा. ते मी काढून घेतेय असं वाटून घेऊ नका. दुसऱ्या दिवशी बसनं जा की, आईला शक्ती योजनेत तिकीटच नाही, बाबांचं तेवढं काढायचं. कुंदा पाव किलोच, शुगरचा रिपोर्ट मी बघितलाय.

तुम्ही स्कूटरचा प्लग काढून पॉलिश पेपरनं घासायचा आणि मी टॉर्च धरून बसायची, आठवतंय? हात हलला की "नीट धर की ग चिमणे" म्हणायचा. किक मारून झाली की मला विचारायचा, आवाज कसा येतोय. मला काय कळायचं, पण तुम्ही खरंच थांबायचा, मी "बरा आहे" म्हणेपर्यंत. बॉनेट उघडायचं धाडस तिथलंच आहे. त्यामुळं राग आलाच तर निम्मा स्वतःवर काढा.

आता कामाचं. डिकीतली चिंच आणि ते खताचं पोतं आदल्या दिवशी काढा. मीटरचा फोटो आईनं काढून मला पाठवायचा. ओरिजिनल आरसी गाडीत ठेवू नका. पोराला चहा द्या पण वरती शंभर-दोनशे हातात कोंबू नका. सर्व्हिस बुकात अकरा शिक्के आहेत, बारावा येणार नाही, वाईट मलाही वाटतंय, पण मेस्त्री तुमच्या वहीत किलोमीटर, तारीख, तेलाचा ग्रेड लिहून सही करणार, कबूल केलंय त्यानं. बीपीची गोळी सकाळीच. अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही, दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होईपर्यंत तरी.

आणि स्वतः चालवत न्यावीशी वाटली तर पोराला शेजारी बसवा आणि न्या. जुन्या रस्त्यानं वळायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मी विचारणार नाही.

आई, तुला एकटीला. ती टरफलं मी टाकली नाहीत, मसाल्याच्या कपाटात वरच्या खणात कुंद्याच्या जुन्या डबीत आहेत. बाबा अगदीच मानेनात तर दाखव, नाहीतर राहू दे.

तुमची,
चिमी