जुन्या कपड्यांचा ढीग नको, एक कोरडी खोली हवी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या पेपरात जुने कपडे गोळा करायच्या मोहिमेचा फोटो आला होता, एवढा मोठा ढीग आणि खाली किती टेम्पो भरले ते. चांगलं काम आहे, पण फोटो बघून माझ्या पोटात गोळाच आला कारण तसाच ढीग मी 2019 च्या ऑगस्टमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी बघितलाय, आणि त्यातनं आम्ही बायका जे शिकलो ते कुणाला सांगत बसलो नाही, म्हणून हे पत्र.

तेव्हाच्या महापुरात इथल्या सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरायच्या आत बाहेरनं मदत यायला लागली, त्या माणसांचे उपकार आम्ही सांगलीकर विसरणार नाही. पण कपड्यांचे गठ्ठे एका शाळेच्या हॉलमध्ये उतरवले होते आणि ते निवडायला मी आणि आमच्या गल्लीतल्या चौघी गेलो, तर आत काय, चेन तुटलेल्या फुलपॅन्ट, एकेकटे मोजे, लग्नातल्या शेरवान्या, न धुतलेले आतले कपडे. जिच्या घरात गुडघाभर चिखल आहे तिला कोरडा परकर पाहिजे, गाऊन पाहिजे, टॉवेल पाहिजे, ते शोधून शोधून एखाददुसरं हाताला लागायचं. बाकीचं तसंच पडून राहिलं, खालच्या गठ्ठ्यांना ओल लागली, बुरशी आली, वास सुटला, आणि शेवटी ट्रॉलीत भरून कचऱ्यातच गेलं. देणाऱ्यांचा हेतू चांगला होता हो, पण निवडायला हात नव्हते आणि ठेवायला कोरडी जागा नव्हती.

त्या दिवसापासनं आमचं शनिवारचं काम सुरू झालं. ना नाव ना रजिस्ट्रेशन, दुपारची भांडी झाली की कुणाच्या तरी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून बसायचं. सुरुवातीला घरोघरचे जुने कपडेच घेत होतो, मग लक्षात आलं की खरा माल टेलरकडं आहे. ब्लाऊज शिवणाऱ्या बायका, फॉल-पिकोवाले, शाळेचे युनिफॉर्म शिवणारे, यांच्या मशिनखाली रोज जी कातरणं पडतात ती कोरी असतात, कुणी अंगाला लावलेली नसतात, वर टू बाय टूचं अस्तर म्हणजे बहुतेक वेळा सुती. रात्री झाडून पोत्यात भरतात आणि सकाळी घंटागाडीत टाकतात, तिथं त्याच्यावर भाजीचं पाणी पडलं की संपलं. नाहीतर बंबात. आपल्याकडं अजून बऱ्याच घरात अंघोळीचं पाणी बंबावर तापतं आणि चिंध्या म्हणजे फुकटचं जळण, पण आजीच्या काळातल्या चिंध्या सुती होत्या, आताचं पॉलिस्टर वितळून गळतं आणि त्याचा काळा धूर आपल्याच पोरांच्या नाकात जातो. हे मी प्रत्येक टेलरला हात जोडून सांगते.

म्हणून निवडणं हेच सगळ्यात मोठं काम. कापड हातात घेऊन कळलं नाही तर एक दोरा ओढायचा आणि काडीनं पेटवायचा, सुती असेल तर कागद जळाल्यासारखा वास आणि भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर टोकाला कडक मणी होतो. सुती मोठे तुकडे दुपट्यांना, त्याहून लहान ते पुसायला, अगदी चिंधी असेल तर उशीत आणि लोडात. पॉलिस्टर पाणी शोषत नाही त्यामुळं पुसायला बाद, पण पिशवीला एकदम टिकाऊ. 2018 ला राज्यात प्लास्टिक बंदी आली तेव्हा सगळे म्हणाले कापडी पिशवी वापरा, पण त्यासाठी नवीन कापड फाडायची काय गरज, एका जुन्या सिंथेटिक साडीत भाजीच्या दहाबारा पिशव्या बसतात आणि जीन्सचा एक पाय म्हणजे तळ शिवून नाडी ओवली की झाली पिशवी.

आणि वाकळ. पुण्याकडचे गोधडी म्हणतात, आम्ही वाकळ. माझी आई लुगडं मधनं विरलं की तेवढा भाग काढून दोन बाजू जोडायची, त्याला दांड घालणं म्हणायचे, मग ते लुगडं अजून वर्षभर नेसायची, मग त्याची बाळोती, मग वाकळेचा थर, आणि सगळ्यात शेवटी चुलीपुढचं पोतेरं. आमच्यातल्या दोन आज्ज्या सत्तरी पार केलेल्या आहेत, पाचसहा साड्यांचे थर जमिनीवर ताणून अंथरतात, समोरासमोर बसून कडेनं धावदोरा घालत घालत आत येतात, थर जरासुद्धा सरकत नाही. कॉलेजच्या पोरी आधी मोबाईलवर व्हिडिओ काढायला यायच्या, आता त्यातल्या तिघी सुई घेऊन बसतात, टाके वाकडे पडतात पण पडतात. दोघींना एका वाकळेला चार शनिवार लागतात. हे बघत बसायला मला किती आवडतं ते लिहून सांगता येत नाही.

एक नियम आम्ही पाळतो, शिवणारीनं दोन वाकळा केल्या की एक तिची. ही कल्पना आमची नाही. दिल्लीची गूंज संस्था, अंशू गुप्ता यांनी 1999 मध्ये सुरू केली, 2015 ला त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ते गावाला कपडे दान म्हणून देत नाहीत, गावानं आपली विहीर खणली, रस्ता केला की मोबदला म्हणून कपडे देतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. पुरात लाईनीत उभ्या असलेल्या बायकांचे चेहरे ज्यांनी बघितलेत त्यांना हे लगेच कळेल.

कुणी म्हणेल जुन्या कपड्यांवर भांडी देणारी भांडेवाली आहे की, तिला द्या. ती चांगल्या साड्या आणि फुलपॅन्ट घेते, घ्याव्यात, तिचं पोट आहे त्याच्यावर. पण फाटकं आणि कातरण ती पण घेत नाही, आणि आमचं काम तिथनंच सुरू होतं. शेजारी इचलकरंजीत 1904 पासनं यंत्रमाग आहेत, आपल्यातले कितीजण तिथं सायझिंगला म्हणजे सुताला खळ द्यायला, वहिफणीला म्हणजे सूत फणीतनं ओवायला, माग दुरुस्त करणारे जॉबर म्हणून राबलेत, एक मीटर कापडाला किती हात लागतात ते आपल्या भागाला माहितीय. मग त्याच कापडाला उकिरड्यावर बघवतं कसं?

तर माझी विनंती. कपडे पाठवू नका, खरंच पुरेसे आहेत. आठवड्यातला एक तास द्या, कात्री धरता आली तरी चालेल. पुरुषांनीही या, पोती उचलायला आमच्यात कुणी नाही. आणि एखाद्या गणेश मंडळाची, तालमीची, देवळाच्या ट्रस्टची खोली वर्षातले दहा महिने बंद असेल तर ती आम्हाला वापरायला द्या, खिडकी असावी आणि जमीन कोरडी असावी एवढंच. भाडं झेपणार नाही, पण मंडळाच्या मांडवाचं जुनं कापड आम्ही दरवर्षी नीट करून देऊ.

सध्या अकरा पोती माझ्या जिन्याखाली आहेत आणि तिथं पहिल्या मोठ्या पावसात पाणी येतं. कुणाकडं जागा असेल तर तुमच्या ऑफिसात निरोप ठेवावा, मी दर सोमवारी येऊन विचारून जाईन.

आपली,
विश्रामबाग, सांगली इथली एक वाचक